एमिलियाच्या धुक्यातली तबकडी

१९८१ चा उन्हाळा आहे. तुम्ही पश्चिम बर्लिनमध्ये, क्रॉइत्सबेर्ग नावाच्या भागात उभे आहात. समोरचा रस्ता थोडा पुढे जातो आणि भिंतीशी संपतो. भिंतीवर रंगाचे फराटे आहेत, पलीकडे पूर्व बर्लिनमधल्या इमारतींचे वरचे मजले दिसतात. अलीकडे तुर्की लोकांची भाजीची दुकानं, पडझड झालेली जुनी घरं आणि सज्ज्यांवरून खाली सोडलेली घोषणांची फडकी. मालकांनी ओस टाकलेल्या घरांत तरुण मंडळी शिरून राहिली आहेत. या वर्षी शहरात अशी ताब्यात घेतलेली घरं दीडशेच्या पुढे गेली आहेत. इथे राहणाऱ्या जर्मन पोरांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट आहे, त्यामुळे ज्याला बंदूक नको तो इथे येतो. ज्याला घर नको तोही येतो.

रात्री गर्दीबरोबर एका डिस्कोत शिरा. आत अंधार आहे, सिगरेटचा धूर आहे आणि तुमच्या ओळखीचं नसलेलं संगीत आहे. गिटारची लांबलचक करामत नाही, गोड कोरस नाही. एक ठोका घेतलाय आणि तो घासत नेलाय. याच शहरात गेल्या वर्षी आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन नावाचा गट उभा राहिलाय आणि तो लोखंडी पत्रे वाजवतोय. वाद्य विकत घ्यायला पैसे नसले तरी चालतं, ही गोष्ट बर्लिनमधल्या पोरांना एव्हाना पटलेली आहे.

आता त्या दोन इटालियन तरुणांकडे बघा. एकाचं नाव जोव्हान्नी लिंदो फेर्रेत्ती. सत्तावीस वर्षांचा, काटकुळा. अॅपेनाइन डोंगरातल्या चेर्रेतो आल्पी या लहानशा गावचा, मेंढपाळांच्या घराण्यातला. दुसरा मास्सिमो झांबोनी, १९५७ चा जन्म, शहरात वाढलेला. दोघं बोलायला लागतात आणि कळतं की दोघंही एकाच शहराकडचे: उत्तर इटलीतलं रेज्जो एमिलिया. तिथल्या चौकात त्यांची गाठ पडली नव्हती, ती इथे भिंतीच्या सावलीत पडली. दोघांनी मिळून काहीतरी वाजवायचं, असं ठरतं आहे. पुढे काय होणार ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही काही बोलू नका. त्यांच्यापैकी कोणालाही अजून धड वाजवता येत नाही आणि आत्ता ते महत्त्वाचंही नाही.

त्यांच्या मागोमाग दक्षिणेकडे या. परतल्यावर ते आपल्या पहिल्या गटाला जे नाव देतात त्यात मित्रोपा हा शब्द आहे. मित्रोपा म्हणजे पूर्व जर्मनीच्या रेल्वेगाड्यांत जेवणाचे डबे चालवणारी कंपनी. मध्य युरोप नावाची जी कल्पना नकाशावरून पुसली गेली होती ती त्या काळात रेल्वेच्या कपबशांवर तेवढी छापलेली दिसायची. त्या नावाच्या शेवटी पंक जोडून गटाचं नाव झालं मित्रोपांक. ते फार दिवस टिकलं नाही. मग आलं सी-सी-सी-पी. सोव्हिएत संघाची रशियन लिपीतली चार अक्षरं, पण इटालियन माणसं ती रोमन समजून ‘ची-ची-ची-पी’ अशी वाचतात. याच अक्षरांचं शिरस्त्राण घातलेल्या राकेश शर्मांचा फोटो १९८४ च्या एप्रिलात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला होता. नावापुढे या गटाने एक बिरुद लावलं: फेदेली आल्ला लिनेआ, म्हणजे पक्षाच्या धोरणाशी एकनिष्ठ.

आणि आता रेज्जो. नोव्हेंबर १९८३ मध्ये उतरा, कारण हे शहर धुक्यात बघायचं असतं. पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात धुकं जमिनीला चिकटून बसतं. समोरचा दिवा दिसतो, दिव्याचा खांब दिसत नाही. शहराच्या मधून सरळ रेषेत जाणारा रस्ता रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १८७ मध्ये बांधलेला आहे. रिमिनीहून निघून पिआचेंझापर्यंत जाणारी ही व्हिया एमिलिया. तिच्यावरूनच या प्रदेशाला एमिलिया हे नाव पडलं. त्या रस्त्यावर ओळीने बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा. सायकलवर बायका कामाला निघालेल्या आहेत. हवेत डुकरांच्या गोठ्यांचा आणि दुधाचा वास आहे. पार्मिजानो चीज इथलं.

रेज्जो एमिलिया हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. पुण्या-मुंबईतल्या महागड्या बालवाड्यांच्या माहितीपत्रकांवर ‘रेजिओ एमिलिया पद्धत’ असं छापलेलं असतं, ते हेच. १९४५ मध्ये, महायुद्ध संपल्या संपल्या, शहराजवळच्या व्हिल्ला चेल्ला गावातल्या लोकांनी जर्मन सैन्य सोडून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. ही बातमी ऐकून लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक सायकलवर तिथे गेला आणि पुढे आयुष्यभर त्याने याच कामाला वाहून घेतलं. १९६३ पासून नगरपालिका स्वतः बालवाड्या चालवू लागली. आपल्याकडे ती पद्धत श्रीमंतांच्या पोरांसाठी आली, मूळ गावी ती कामगारांच्या पोरांसाठी होती. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपण ज्या तबकडीकडे निघालो आहोत ती या शहराशिवाय समजत नाही.

१९४५ पासून आजपर्यंत, म्हणजे तुम्ही उभे आहात त्या दिवसापर्यंत, रेज्जोचा महापौर कम्युनिस्ट पक्षाचा आहे. सहकारी दुकानं पक्षाच्या माणसांची, बांधकामाच्या सहकारी संस्था त्यांच्या, नाचाचे हॉलही त्यांच्याच वर्तुळातले. रविवारी संध्याकाळी अशा एखाद्या हॉलमध्ये डोकावलात तर अकॉर्डियनवर वॉल्ट्झ, पोल्का, मझुर्का चालू असतात. त्या प्रकाराला इथे लिश्शो म्हणतात आणि साठीतली जोडपी सुद्धा पाय न चुकवता नाचतात. दोन महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, पक्षाच्या मुखपत्राचा राष्ट्रीय उत्सव इथेच झाला आणि पक्षाचा नेता एन्रिको बेर्लिंग्वेर याचं समारोपाचं भाषण ऐकायला लोटलेली गर्दी शहराच्या अजून स्मरणात आहे. पुढच्या जूनमध्ये तो गेलेला असेल. शहरातल्या चौकात १९६० च्या ७ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात पाच कामगार मारले गेले. प्रत्येक घरात कोणीतरी त्या दिवसाबद्दल बोलतं.

तर असं हे शहर. बालवाडी आहे, दवाखाना आहे, नोकरी आहे, इतिहास आहे. वीस वर्षांच्या पोराला सकाळी उठून काय करायचं याचं उत्तर मात्र कुठल्याच सहकारी संस्थेकडे नाही. मागच्या पिढीने लढून मिळवलं ते ह्यांना आयतं मिळालं, आणि लढणाऱ्यांचे पुतळे रोज दिसतात. हेरॉइन या मैदानी प्रदेशात गावोगाव पोचलंय. रेज्जोपासून थोड्या अंतरावरच्या कोर्रेज्जो गावचा पिएर व्हित्तोरियो तोंदेल्ली याने १९८० मध्ये याच पोरांवर कथांचं पुस्तक लिहिलं. त्यावर अश्लीलतेचा खटला भरून प्रती जप्त झाल्या, मग तो निर्दोष सुटला. रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात रात्र काढणारी त्याच्या कथांतली मंडळी तुम्हाला आज संध्याकाळी स्टेशनवर दिसतील.

आणि फेर्रेत्ती? रेज्जोमध्ये त्याने काही वर्षं मानसिक रुग्णांच्या सेवेत नोकरी केली. हा तपशील बहुतेक लोक एका ओळीत उरकतात. मला मात्र सगळं याच ठिकाणी उलगडतं असं वाटतं, म्हणून इथे थोडं थांबू.

शहराच्या कडेला सान लाझ्झारो आहे, इटलीतल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. लांबलचक झाडांचे रस्ते, वेगवेगळे वॉर्ड, भिंती. १३ मे १९७८ ला इटलीच्या संसदेने १८० क्रमांकाचा कायदा केला: नवी मनोरुग्णालयं बांधायची नाहीत, जुनी हळूहळू बंद करायची, रुग्णाला त्याच्या वस्तीत, त्याच्या माणसांजवळ उपचार द्यायचे. या कायद्यामागे फ्रांको बाझाल्या नावाच्या डॉक्टरचं सगळं आयुष्य होतं. गोरित्सिया आणि त्रिएस्तेमध्ये त्याने वॉर्डांची कुलपं काढली होती. कायदा झाल्यावर दोन वर्षांनी तो वारला. पुढे जे करायचं होतं ते कमी पगाराच्या, तिशीच्या आतल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर पडलं. तीस-तीस वर्षं आत राहिलेल्या माणसाला बाहेरच्या दुकानात पैसे कसे मोजायचे ते शिकवायचं. गोळ्या वेळेवर घेतल्या का बघायचं. कोणी तासभर एकच वाक्य बोलत असेल तर समोर बसून ऐकायचं.

ते ऐकणं डोळ्यांसमोर आणा. तेच वाक्य, तोच सूर, पुन्हा, पुन्हा, मध्येच एक शब्द बदललेला. वर्षानुवर्षं असं ऐकलेला माणूस रात्री मायक्रोफोनपुढे उभा राहतो. त्याचं गाणं कसं असेल?

फेल्लेगारा नावाच्या खेड्यात चला. स्कांदियानोजवळ, फरश्या बनवणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात. इथल्या एका घरात ही मंडळी सराव करतात. खोली थंड आहे. झांबोनी गिटारवर दोन-तीन स्वरांची एक ओळ घेतो आणि सोडत नाही. बेस वाजवणारा उम्बेर्तो नेग्री त्या ओळीच्या खाली दुसरी, तितकीच साधी ओळ ठेवतो. ड्रम वाजवणारा माणूस सुरुवातीला होता, तो गेला. त्याच्या जागी एक ड्रम-मशीन आलंय. मशीन थकत नाही, चढत नाही, गाण्यात रंग भरला म्हणून वेग वाढवत नाही. गाणं संपायला आलं तरी त्याला कळत नाही. रॉकच्या चाहत्यांना हे मशीन म्हणजे दारिद्र्य वाटलं असतं. पण या खोलीत उभं राहून ऐकलंत तर जाणवेल की इतर कुठल्याही ड्रमरने हे गाणं बिघडवलं असतं. माणूस वाजवायला बसला की तो दिलासा देतोच, हात आपोआप सैल होतो. या गाण्यांना दिलासा नको होता. ठोका तसाच चालू राहायला हवा होता आणि त्याच्यावर एका माणसाचा आवाज एकटा.

तो आवाज गातो असं म्हणता येणार नाही. तो सांगतो, बजावतो, कधी याचना करतो. सूर फारसा वर-खाली होत नाही. लहानपणी फेर्रेत्ती चर्चमध्ये गायला आहे आणि ते लपत नाही. गोव्यात संध्याकाळी घरासमोरच्या क्रुसापुढे लदीन म्हणतात, एकाने संताचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी तोच जबाब पुन्हा-पुन्हा द्यायचा, ती लॅटिन प्रार्थना आणि एमिलियाच्या डोंगरातली लितानी एकाच उगमाच्या. गोव्याच्या वाचकाला हा आवाज इतरांपेक्षा लवकर ओळखता येईल. फक्त इथे संतांच्या जागी शहरांची नावं आहेत, आणि गोळ्यांची.

१९८४ मध्ये बोलोन्याच्या अटॅक पंक रेकॉर्ड्सने त्यांची पहिली छोटी तबकडी काढली, ‘ऑर्तोदोस्सिया’. तीन गाणी. त्यातल्या एकाच्या नावात पूर्व बर्लिनमधला पांकोव्ह भाग आहे. त्याच वर्षी दोन माणसं गटात आली आणि मंचाचा चेहरामोहराच बदलला. तेव्हा एका कार्यक्रमाला उभे राहा, कार्पीच्या तुवातमध्ये म्हणा. तुवात हे मोदेना जिल्ह्यातलं तरुणांनी चालवलेलं केंद्र, त्याचं नावही बर्लिनहूनच आलेलं. शंभरभर लोक, घामाने ओल्या भिंती.

मशीन सुरू होतं. आन्नारेल्ला मंचावर येते. एका गाण्याला एक पोशाख, दुसऱ्याला दुसरा, चेहऱ्यावर हसू नाही, हालचाली अगदी मोजक्या. तिची पदवी आहे ‘सन्माननीय सुब्रेत’. जुन्या संगीत-नाट्यात नाचणाऱ्या-गाणाऱ्या नटीला इटालियनमध्ये सुब्रेत म्हणतात. मग फातुर येतो, ‘जनतेचा कलावंत’. उघडं, पिळदार अंग, साखळ्या, हातात कधी काय असेल सांगता येत नाही. तो स्वतःच्या शरीराला इतक्या निर्दयपणे वापरतो की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकतात. दोघांच्या मधे फेर्रेत्ती जवळजवळ निश्चल. कोपऱ्यात झांबोनी, मान खाली. ते आपल्या संगीताला ‘सोव्हिएतस्नेही पंक आणि एमिलियाचं सुरेल संगीत’ म्हणवतात. तुमच्या शेजारी उभा असलेला पोरगा हसतो, त्याला ही थट्टा वाटते. मागे पक्षाचा एक जुना कार्यकर्ता आलेला आहे असं समजा, त्यालाही थट्टाच वाटेल, पण तो हसणार नाही. मला ती थट्टा वाटत नाही. या माणसांना एकनिष्ठ राहायला काहीतरी हवं होतं. अमेरिकी रॉकचा वारसा त्यांचा नव्हता, इंग्लंडचा नव्हता. हाताशी होती लाल एमिलिया, आजोबांच्या आठवणी, नाचाच्या हॉलमधला अकॉर्डियन आणि पूर्वेकडे पसरलेला तो प्रचंड, अपरिचित देश. जे होतं त्यातून त्यांनी देव्हारा मांडला आणि त्याच्यापुढे खरोखर उभे राहिले.

झांबोनीच्या आजोबांची गोष्ट मात्र या मंचावर कोणाला माहीत नाही. आजोबा फॅसिस्ट पक्षाचे होते आणि १९४४ मध्ये प्रतिकार-लढ्यातल्या तरुणांनी त्यांना गोळी घातली. लाल शहरात लाल झेंड्याखाली गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या घरात हे मौन होतं. ते त्याने २०१५ च्या आपल्या पुस्तकात मोडलं. आज रात्री तो फक्त तीन स्वर वाजवतो आहे.

आता १९८६ मध्ये या. तुम्ही कोणाच्या तरी खोलीत आहात, टर्नटेबल आहे, आणि हातात गटाचा पहिला पूर्ण अल्बम. त्याचं नाव वाचायला वेळ लागतो: ‘१९६४-१९८५, कॉम्रेड तोल्यात्ती आणि आम्ही यांच्यातली साम्यं-भेद, सज्ञान होण्याविषयी’. रॉकच्या रेकॉर्डवर असं नाव कोणी ठेवतं का? या नावामागे एक खरा दस्तऐवज आहे. ३१ डिसेंबर १९६२ ला चीनच्या ‘पीपल्स डेली’ने इटलीच्या पक्षनेत्यावर, पाल्मिरो तोल्यात्तीवर, टीका करणारा लांबलचक अग्रलेख छापला, तो जगभर पुस्तिकेच्या रूपाने फिरला. त्यात फक्त भेद होते. या पोरांनी साम्यंही जोडली. तोल्यात्ती १९६४ च्या ऑगस्टमध्ये याल्टाला वारला. त्यानंतर एकवीस वर्षांनी १९८५ येतं, आणि १९७५ मध्ये कायदा बदलेपर्यंत इटलीत माणूस सज्ञान व्हायचा तो एकवीस वर्षांचा झाल्यावर. बाप गेल्यावर जन्मलेलं पोर आता स्वतःच्या सहीने कागद करू शकतं. नावात हे सगळं बसवलं आहे.

सुई ठेवा. पहिलं गाणं गटाच्याच नावाचं. एक ललकारी, एक शपथ, आणि लगेच संपतं. मग येतं ‘कुरामी’. यात गाणारा रुग्ण आहे. तो कोणाकडे तरी उपचाराची विनवणी करतो. गाणाऱ्याची नोकरी तुम्हाला मघाशी कळली आहे, त्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे की हे शब्द कधीकाळी त्याच्या समोर रोज कोणीतरी उच्चारले असणार. आता तेच तो आपल्या तोंडाने म्हणतोय. सेवा करणारा आणि सेवा मागणारा यांच्यातली जागा पुसली गेली. बाझाल्याने ज्या भिंती पाडल्या त्यातली ही आणखी एक, गाण्यात पाडलेली. खाली बेस आणि मशीन इतके नेटके चालतात की याचनेला नाटकीपणाची संधीच मिळत नाही.

पुढे ‘मी आमी?’ हे प्रेमाचं गाणं, पण त्यात प्रेम म्हणजे शरीराची खटपट आणि रोलाँ बार्थच्या प्रेमावरच्या पुस्तकाचं शीर्षक, एकाला एक लागून. वाचलेलं आणि जगलेलं यांचा मेळ बसत नाही याची चीड त्यात आहे. त्यानंतरचं गाणं मी भरभर ऐकतो, तुम्हीही ऐका. ‘व्हालियुम तावोर सेरेनासे’पाशी मात्र थांबा. तीन औषधांची नावं. पहिली दोन चिंता कमी करतात, झोप आणतात. तिसरं हॅलोपेरिडॉल, भास होणाऱ्या रुग्णांना देतात. वॉर्डातल्या ट्रॉलीवर या तीन डब्या शेजारी-शेजारी असायच्या. बाहेर त्याच गोळ्या रस्त्यावर विकल्या जात होत्या. आतली माणसं बाहेर आली आणि आतली औषधंही.

‘मोरीरे’ म्हणजे मरणे. त्यात मिशिमा आणि मायाकोव्हस्की यांची नावं येतात. एकाने १९७० मध्ये तोक्योत पोट फाडून घेतलं, दुसऱ्याने १९३० मध्ये मॉस्कोत गोळी झाडून घेतली. एक सम्राटाचा भक्त, दुसरा क्रांतीचा. दोघांची स्तुती एका दमात. मग आज्ञार्थी क्रियापदांचा मारा सुरू होतो: राबणाऱ्याला एक आज्ञा, नशा करणाऱ्याला दुसरी, केस फुगवून खिळ्यांचं जाकीट घालणाऱ्या पंक पोरालाही तीच. सगळ्यांचा शेवट एकाच शब्दावर. आपल्या समोर नाचणाऱ्या श्रोत्यालाही या गटाने सोडलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रेक्षकाची खुशामत न करता त्याच्यावर माया करता येते, ते या गाण्यात ऐकू येतं.

‘नोइया’ म्हणजे कंटाळा आणि ‘इओ स्तो बेने’ म्हणजे मी ठीक आहे. दुसरं गाणं मूठभर शब्दांचं आहे. ठीक आहे, ठीक नाही, काय करावं कळत नाही, या टोकांमध्ये आवाज हेलपाटे घालतो. ‘कसे आहात?’ या रोजच्या प्रश्नाला मनोरुग्णाने दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ऐकायचं असेल तर ते इथे मिळेल. साहित्यात ते मला इतक्या थोड्या शब्दांत भेटलेलं नाही.

आणि शेवटचं, ‘एमिलिया पारानोइका’. जवळजवळ आठ मिनिटं. दिवे मालवा हवं तर. बेस सावकाश चालायला लागतो, गिटार दूर कुठेतरी. आवाज बोलतो, घाई नाही. रेज्जो, पार्मा, मोदेना, कार्पी. रात्री गाडी घेऊन या गावातून त्या गावात, तिथूनही पुढे, काहीतरी घडेल म्हणून. काही घडत नाही. गोळ्या आणि दारू, परतीचा रस्ता, धुकं. तुम्ही रेज्जोत उतरलात तेव्हा दिसलेला तो सरळ रोमन रस्ता आता तुमच्या पायाखाली आहे, आणि तुम्हाला कळतं की बावीसशे वर्षांच्या या रस्त्यावर भरकटताही येत नाही, तो फार सरळ आहे. मग मशीनचा ठोका वाढतो, गिटार जवळ येते, आवाज तेच शब्द अधिक जोराने फेकतो, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं अंगावर येतं. ज्यांनी ही आठ मिनिटं आवाज वाढवून ऐकली त्यांना इटालियन येत नसलं तरी हा प्रदेश कळतो. मला तो असाच कळला.

यानंतर तुम्हाला झपाझप पुढे नेतो. अल्बम निघाला त्याच वर्षी एप्रिलात चेर्नोबिल झालं. १९८७ मध्ये गट व्हर्जिन या बड्या कंपनीकडे गेला आणि जुन्या सोबत्यांनी त्यांना विकले गेलेले ठरवलं. १९८९ च्या मार्चमध्ये ते मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये वाजवून आले. नोव्हेंबरात ती भिंत पडली, जिच्याजवळ आपण सुरुवात केली होती. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन जर्मनी एक झाल्या आणि त्याच दिवशी गट संपला. त्यातूनच सी-एस-आय नावाचा दुसरा गट झाला, त्याचा एक अल्बम १९९७ मध्ये इटलीत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. नंतर फेर्रेत्ती डोंगरात चेर्रेतो आल्पीला परतला, घोडे पाळू लागला, कॅथलिक श्रद्धेकडे वळला आणि राजकारणात उजवीकडे गेला. पुष्कळ जुने चाहते त्याच्यावर रागावले, अजून रागावलेले आहेत. मला त्याची आजची मतं पटत नाहीत. पण १९८५ मध्ये त्याने जे म्हटलं ते त्याच्या आजच्या मतांनी खोटं होत नाही. बोलता न येणाऱ्यांच्या जवळ बसून ते मिळवलेलं होतं.

ऑक्टोबर २०२३. तुमच्या स्वतःच्या काळाजवळ आलो आहोत. रेज्जोच्या सान पिएत्रो मठाच्या ओवऱ्यांमध्ये गटाच्या चाळीस वर्षांचं प्रदर्शन लागलंय. आन्नारेल्लाचे पोशाख काचेआड आहेत. रांगेत साठीतली माणसं आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलं, जी याच शहरातल्या बालवाड्यांत शिकलेली असतील. पुढच्या वर्षी ही चौकडी पुन्हा बर्लिनच्या मंचावर उभी राहणार आहे आणि मग इटलीभर.

प्रदर्शनाचे फोटो आणि अलीकडच्या कार्यक्रमांची दृश्यं तुम्हाला सहज सापडतील, पण त्यांच्यापासून सुरुवात करू नका. फातुरकडे बघत राहिलात तर आवाज निसटतो. १९८६ चा अल्बम घ्या, रात्री घ्या, पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने, मध्ये न थांबता ऐका. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी मनाच्या आजाराची गोळी घेत असेल, कोणी रोज तेच वाक्य तुम्हाला ऐकवत असेल, तर ‘कुरामी’ संपल्यावर त्यांच्याशी जाऊन बोला.